लॅपटॉपशिवाय कोड डंप करायचा तर

गेल्या दिवाळीत भाचीला आर्डुइनो उनो या प्रोग्रॅम करायच्या छोट्या सर्किट बोर्डाचा किट घेऊन दिला. निळी पाटी, मूठभर एलईडी, जम्पर वायरी, एक रिले, म्हणजे चिपच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच. ती राहते सांगोला तालुक्यातल्या एका वस्तीवर. पाडव्याला फोन आला, "मामा, सगळं आहे यात. पण कोड टाकायचा कशातून? आमच्याकडं कम्प्युटर कुठाय?"

खरं सांगायचं तर किट घेताना हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी विचारलं, "फोन आहे ना?"

"पप्पांचा जुना आहे, अँड्रॉइड."

"मग झालं."

झालं म्हणायला काय जातं! पुढचे दोन तास तिच्या आईच्या फोनवर व्हिडिओ कॉल आणि पप्पांच्या फोनला लटकलेली ती निळी पाटी, असा कार्यक्रम चालला. पण शेवटी पाटीवरची बारकी दिवी लुकलुकली. त्या दोन तासांत जे जे अडलं, ते इथे उलगडून सांगतो.

आधी एक गोष्ट मोकळी करून घेऊ. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे पाटीवरची मुख्य चिप, प्रोग्रॅम करताना लॅपटॉप नेमकं काय करतो? तीन कामं. एक, आपण टाइप केलेला प्रोग्रॅम धरून ठेवतो. दोन, त्या माणसाला वाचता येणाऱ्या मजकुराचे चिपला कळणारे आकडे करतो, म्हणजे कंपाइल करतो. तीन, ते आकडे वायरीतून चिपपर्यंत पोचवतो आणि तिच्या फ्लॅश मेमरीत, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, बसवतो. यालाच डंप करणं म्हणतात. तिन्ही कामं एकाच खिडकीत, एका बटणावर होतात म्हणून ती एकच वाटतात. सुटी केली की कळतं, यातल्या एकाही कामाला लॅपटॉपच लागतो असं नाही. चिपला तर त्याचं सोयरसुतकही नसतं. ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या वेगाने ते आकडे, म्हणजे बाइट, येत राहिले म्हणजे तिचं भागतं. ते कोण पाठवतंय हे ती विचारत नाही.

आमच्या पिढीच्या डिप्लोमावाल्यांना हे नवं वाटायला नको. ८०८५ या जुन्या मायक्रोप्रोसेसरचा किट आठवतोय? लाकडी किंवा पत्र्याची पेटी, सहा लाल आकड्यांचा डिस्प्ले आणि खाली दाबून दाबून अक्षरं पुसलेला कीपॅड. प्रॅक्टिकलला वहीत प्रोग्रॅम लिहायचा, पुस्तकातल्या तक्त्यावरून प्रत्येक सूचनेचा ऑपकोड, म्हणजे त्या सूचनेचा आकडा, हाताने शोधायचा आणि एकेक बाइट कीपॅडवरून भरायचा. पाच आणि तीनची बेरीज करायची तर ३ई ०५, ०६ ०३, ८०, ३२ ५० २०, ७६. एवढाच प्रोग्रॅम, नऊ बाइट. हे आकडे हेक्समधले, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या हिशोबातले, नऊनंतर ए ते एफ. ३ई म्हणजे पुढचा आकडा ए रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यात, टाक, ०६ म्हणजे बी मध्ये टाक, ८० म्हणजे बेरीज कर, ३२ म्हणजे उत्तर पुढच्या पत्त्यावर ठेव, ७६ म्हणजे थांब. पत्ता २०५० असला तरी भरायचा ५० २० असा उलटा. निम्म्या वर्गाची प्रॅक्टिकलं तिथेच बोंबलायची.

त्या किटला कम्प्युटर जोडलेला नसायचा. कंपायलर म्हणजे आपणच. पण कीपॅडवरचं बटण दाबल्यावर तो बाइट मेमरीत नेऊन कोण ठेवायचं? किटच्या ईप्रॉममध्ये एक छोटा प्रोग्रॅम कायमचा बसवलेला असायचा. त्याला मॉनिटर म्हणायचे. बटण वाचा, बाइट ठेवा, पुढचा पत्ता दाखवा, 'गो' दाबलं की तिथून प्रोग्रॅम चालू करा, इतकंच त्याचं काम. हा मॉनिटर लक्षात ठेवा, कारण आजच्या पाटीवर तोच वेगळ्या नावाने बसलेला आहे.

उनोवरची चिप आहे एटीमेगा३२८पी. फ्लॅश ३२ केबी, रॅम २ केबी. त्या ३२ केबीच्या अगदी शेवटच्या टोकाला अर्धा केबी जागा राखून ठेवलेली असते. तिथे ऑप्टिबूट नावाचा बूटलोडर, म्हणजे आजचा मॉनिटर, राहतो. म्हणून तर आपल्या प्रोग्रॅमला ३२७६८ ऐवजी ३२२५६ बाइटच मिळतात. पाटी रीसेट झाली की चिप आधी आपल्या प्रोग्रॅमकडे जात नाही, बूटलोडरकडे जाते. तो साधारण एक सेकंद कान देऊन बसतो: सिरीयलवरून, म्हणजे एकामागोमाग एक बिट येणाऱ्या तारेवरून, कोणी बोलतंय का? कोणी बोललं नाही तर जुना प्रोग्रॅम चालू करून देतो.

त्या एका सेकंदातलं संभाषण बघण्यासारखं असतं. समोरचा दोन बाइट पाठवतो, हेक्समध्ये ३० आणि २०. म्हणजे 'आहेस का?' बूटलोडर उलट १४ आणि १० पाठवतो, 'आहे, बोल.' मग समोरचा चिपची सही विचारतो. उत्तर येतं तीन बाइटांचं, १ई ९५ ०एफ. हे या चिपचं कुळ-गोत्र; जुळलं नाही तर तिथेच काम थांबतं. जुळलं तर एकेक पत्ता सांगायचा आणि त्या पत्त्यावर १२८ बाइटांचं एक पान द्यायचं. प्रत्येक पानाला पोच म्हणून पुन्हा १४ आणि १०. दिवा लुकलुकवण्याचा नेहमीचा प्रोग्रॅम ९२४ बाइटांच्या आसपास भरतो, म्हणजे आठ पानं. पाटीवरचे टीएक्स-आरएक्सचे, म्हणजे पाठवणं-घेणं दाखवणारे, बारके दिवे क्षणभर फडफडतात ते हे.

आता सांगा, यात लॅपटॉप कुठे आहे? ३० आणि २० फोनने पाठवले तर बूटलोडरला काय फरक पडतो?

फरक पडतो तो फोनला. फोन जन्मापासून दुसऱ्याला जोडून घ्यायला शिकलेला असतो, चार्जरला, कम्प्युटरला. यूएसबीत एक जण यजमान आणि दुसरा पाहुणा असा सरळ हिशोब असतो. आर्डुइनो पाहुणाच आहे, आणि फोनही स्वतःला पाहुणाच समजतो. दोन पाहुणे दारात उभे, घर कोणाचं ते ठरेना. ओटीजी केबल हे भांडण मिटवते. जुन्या मायक्रो यूएसबीच्या प्लगमध्ये पाच पिना असतात. त्यातली आयडी नावाची पिन ओटीजी केबलमध्ये ग्राउंडला जोडलेली असते. ती ग्राउंड दिसली की फोन समजतो, आज आपण यजमान, आणि पाच व्होल्ट बाहेर द्यायला लागतो. टाइप-सी मध्ये तेच काम सीसी पिनवरचा ५.१ किलोओमचा रेझिस्टर करतो. एवढ्याशा रेझिस्टरवर सगळं घर चालतं.

अँड्रॉइडमध्ये ॲपला यूएसबी यजमानाची सोय २०११ साली, ३.१ आवृत्तीपासून आली. पण पाटीवरच्या यूएसबी-सिरीयल चिपचा ड्रायव्हर, म्हणजे तिच्याशी बोलणारा प्रोग्रॅम, फोनमध्ये बसवायची भानगड नसते; तो ॲपच्याच पोटात असतो. स्वस्तातल्या उनोवर बहुतेक वेळा सीएच३४० ही चिप सापडते, तेव्हा ॲपला ती कळते का हे आधी बघायचं. आर्डुइनोड्रॉइडसारख्या ॲपमध्ये लिहिणं, कंपाइल करणं आणि पाठवणं ही तिन्ही कामं फोनवरच होतात, तीही नेट नसताना. कंपाइलच्या वेळी गंमत अशी की फोनचा प्रोसेसर एका जातीचा आणि एटीमेगा दुसऱ्या जातीची. फोन स्वतःला न कळणाऱ्या भाषेत आकडे तयार करून देतो. पण लॅपटॉपही तेच करत होता, त्याचाही प्रोसेसर एटीमेगाचा नव्हता.

भाचीचं घोडं अडलं ते मात्र या कशातच नाही. पाटीवरचा हिरवा दिवा लागला, ॲप म्हणतंय काही जोडलेलंच नाही. अर्धा तास आम्ही ॲपच्या सेटिंगमध्ये खोदत बसलो. शेवटी मी म्हटलं, केबल बदल. ती केबल कुठल्यातरी पॉवर बँकेसोबत आलेली, आत दोनच तारा, पाच व्होल्ट आणि ग्राउंड. डेटाच्या दोन तारा नव्हत्याच. असल्या केबलीला बाहेरून काही ओळख नसते. ज्या केबलीने कधीतरी फोटो कम्प्युटरवर घेतलेत, तीच खात्रीची. शिवाय काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं, आणि थोडा वेळ वापरलं नाही की ते आपोआप बंद होतं. तुम्ही चहा पिऊन येता, तोवर पाटी 'हरवलेली' असते.

दुसरं अडलं ते एका सेकंदावर. लॅपटॉप कोड पाठवण्याआधी डीटीआर नावाच्या तारेला एक धक्का देतो. तो एका छोट्या कपॅसिटरमधून रीसेट पिनपर्यंत जातो आणि बूटलोडर जागा होतो. फोनमधल्या ॲपने तो धक्का नीट दिला नाही तर ३० आणि २० हवेत जातात. मग हाताने करायचं: अपलोड दाबायचं आणि लगेच पाटीवरचं रीसेटचं बटण. दोनतीनदा चुकतं, मग हात बसतो. आर्डुइनोचीच छोटी नॅनो पाटी असेल तर आणखी एक खोडी. तिच्यात जुना बूटलोडर असेल तर तो ५७६०० च्या वेगाने बोलतो आणि ॲप ११५२०० ने बोलत राहतं. दोघंही बोलतात, कोणालाच काही कळत नाही. ॲपमध्ये 'ओल्ड बूटलोडर' निवडलं की गाडी रुळावर येते.

कंपाइल झाल्यावर तयार होणारी हेक्स फाइल एकदा उघडून बघा, फोनवरही उघडते, साधा मजकूर असतो. प्रत्येक ओळ कोलनने सुरू होते. शेवटची ओळ जगातल्या जवळजवळ प्रत्येक हेक्स फाइलची सारखीच: कोलन, ००, ००००, ०१, एफएफ. पहिले ०० म्हणजे या ओळीत डेटाचे बाइट शून्य. मधले ०००० म्हणजे पत्ता. ०१ म्हणजे फाइल संपली. आणि एफएफ? ती पडताळणी. ओळीतले सगळे बाइट मिळवले की शेवट शून्यावर यायला हवा. इथे ० अधिक ० अधिक ० अधिक १ आणि एफएफ म्हणजे २५५, बेरीज २५६. एका बाइटमध्ये २५६ मावत नाही, हातचा बाहेर पडतो आणि उरतं शून्य. वाटेत एखादा आकडा बिघडला तर बेरीज शून्यावर येत नाही आणि चूक पकडली जाते. किराणा दुकानदार दिवसाचा गल्ला जुळवतो तसंच हे. ८०८५ च्या किटवर ही सोय नव्हती. तिथे पडताळणी म्हणजे शेजारच्या बाकावरचा मित्र.

उनोचं पुराण लांबलं, पण बाकीच्या पाट्या आता पटकन समजतील, कारण प्रत्येकीत तो मॉनिटर कुठे बसवलाय एवढंच बघायचं.

रास्पबेरी पाय पिको ही २०२१ सालच्या जानेवारीत आलेली पाटी. हिच्या आरपी२०४० चिपमध्ये बूटलोडर फ्लॅशमध्ये नाही, चिपच्या सिलिकॉनमध्येच कोरलेला आहे. त्यामुळे वेडावाकडा प्रोग्रॅम टाकूनही तो पुसला जात नाही. बूटसेलचं बटण दाबून धरून केबल लावली की पिको चक्क पेनड्राइव्हचं सोंग घेते. फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये ड्राइव्ह दिसतो, त्यात कंपाइल झालेल्या प्रोग्रॅमची यूएफ२ फाइल कॉपी करायची. कॉपी संपताच पिको स्वतःला रीसेट करते आणि ड्राइव्ह गायब होतो. फोन तक्रार करतो की ड्राइव्ह नीट न काढताच उपटला. करू द्या, तीच काम झाल्याची खूण. यूएफ२ फाइल ५१२ बाइटांच्या तुकड्यांची असते आणि प्रत्येक तुकड्यावर तो कुठे बसायचा ते लिहिलेलं असतं. म्हणून तुकडे मागेपुढे आले तरी बिघडत नाही.

आणि कंपाइलची कटकटच नको असेल तर मायक्रोपायथन. डेमियन जॉर्ज यांनी २०१३ साली लोकांकडून वर्गणी जमवून हे काम उभं केलं. एकदा त्याची तयार फाइल पिकोत टाकली की पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा समजणारा दुभाषाच चिपमध्ये जाऊन बसतो. पुढे फोनमध्ये कुठलंही सिरीयल टर्मिनल ॲप उघडा, समोर >>> अशी खूण येते. एक ओळ टाइप करा, एंटर, दिवा लागला. दुसरी ओळ, विझला. कंपाइल नाही, डंप नाही. मेन डॉट पीवाय या नावाने फाइल चिपवरच साठवली की पाटी चालू झाल्यावर ती आपोआप चालते. नवशिक्याला फोनवर शिकवायचं तर मी हाच रस्ता सांगेन, आर्डुइनो नंतर. फक्त पायथनला ओळीआधीची मोकळी जागा नेमकी लागते आणि फोनचा कीबोर्ड स्वतःच्या अकलेने अक्षरं बदलतो, तेव्हा ऑटोकरेक्ट आधी बंद करा.

बीबीसीने २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना वाटलेली मायक्रोबिट पाटी याहून सोपी. तिच्यावर २५ दिव्यांची चौकट आहे आणि ब्लूटूथ आहे. ए आणि बी ही दोन्ही बटणं दाबून धरून रीसेट केलं की ती फोनशी जोडी जमवते, आणि प्रोग्रॅम हवेतूनच जातो. आयफोनवाल्यांना हे बरं पडतं. आयफोनवर ॲपला अशा सिरीयल पाट्यांशी यूएसबीतून सहज बोलता येत नाही, ब्लूटूथ आणि वायफायने मात्र येतं.

वायफायचा विषय निघाला की ईएसपी३२. शेताकडच्या कामाला मला हीच पाटी पसंत आहे. हिच्यात प्रोग्रॅम ओव्हर द एअर, म्हणजे ओटीए, टाकता येतो. त्यामागची युक्ती साधी पण झकास आहे. नेहमीच्या ४ एमबी फ्लॅशमध्ये प्रोग्रॅमसाठी दोन खण पाडलेले असतात, आर्डुइनोच्या नेहमीच्या मांडणीत प्रत्येकी १३१०७२० बाइटांचे. एका खणातला प्रोग्रॅम चालू असताना नवा प्रोग्रॅम दुसऱ्या खणात उतरवून घेतला जातो. पूर्ण उतरला, तपासून बरोबर निघाला, की मगच 'आता त्या खणातून चालू हो' अशी एक छोटी नोंद बदलते आणि पाटी रीसेट होते. मध्येच लाइट गेली तरी जुना खण शाबूत असतो. रात्रीच्या लाइटवर मोटार चालवणाऱ्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

फोनच्या बाजूने काहीच लागत नाही, ॲपसुद्धा नाही. पाटी स्वतःचं वायफाय चालू करते, फोन त्याला जोडायचा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.४.१ टाकायचं. प्रोग्रॅममध्ये तशी सोय लिहिलेली असेल तर एक पान उघडतं, त्यावर फाइल निवडायचं बटण. तयार बिन फाइल निवडा, पाठवा. ती फाइल कंपाइल कुणी केली? कुणीही. मी पुण्यात बसून करतो आणि व्हॉट्सॲपवर पाठवतो. एकच खाचखळगा: या वायफायवर नेट नाही हे कळताच फोन हळूच मोबाइल डेटावर सटकतो आणि पान उघडत नाही. आधी डेटा बंद करायचा.

आणखी एक, हे गंमतीवारी घेऊ नका. पाटी मोटारीच्या पेटीत रिलेला जोडलेली असताना तिला केबलने फोन लावायचा नाही. आधी मेन पाडायची. फोन हातात असतो आणि पेटीत थ्री फेज असते.

कारखान्यातली मंडळी हे सगळं वाचून हसतील, कारण त्यांच्याकडे याहून साधी वस्तू आहे. लाइनवर दिवसभरात शेकडो पाट्या प्रोग्रॅम करायच्या तर प्रत्येक टेबलावर कम्प्युटर कोण ठेवतो? मायक्रोचिप कंपनीच्या पिककिट ३ सारख्या प्रोग्रॅमर यंत्रामध्ये 'प्रोग्रॅमर-टू-गो' नावाची सोय होती: एकदा कम्प्युटरवरून फाइल त्याच्या मेमरीत भरायची आणि मग तो एकटाच घेऊन फिरायचं. पिककिट ४ मध्ये त्यासाठी मायक्रोएसडी कार्डाची खाच आली. पाटीला पिना टेकवल्या, बटण दाबलं, दिवा बघितला, पुढची पाटी. कोड काय आहे हे बटण दाबणाऱ्याला माहीत असण्याची गरज नाही. कोऱ्या एटीमेगात पहिला बूटलोडर शिरतो तोही असाच, रीसेट आणि आणखी तीन पिनांमधून थेट. नाहीतर कोंबडी आधी की अंडं, हा प्रश्न तिथे कधी सुटलाच नसता.

अलीकडे तर कीबोर्ड आणि पडदा मायक्रोकंट्रोलरलाच जोडलेली कार्डाएवढी यंत्रं मिळतात. एम५स्टॅकचं कार्डप्युटर तसलंच, आत ईएसपी३२-एस३, वर ५६ बटणं आणि १.१४ इंचाचा पडदा. ८०८५ चा किट बारीक होऊन खिशात आला म्हणा ना. माझी बोटं त्या बटणांवर बसत नाहीत, भाचीची बसतील.

फोनवर सगळंच करावं असं माझं म्हणणं नाही. तीनशे ओळींचा प्रोग्रॅम अंगठ्याने लिहिणं म्हणजे शिक्षा. दुसऱ्यांच्या पाचसहा लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, लागत असतील तर फोनवर ॲप हमखास अडखळतं. पण एक आकडा बदलायचाय, वेळ दहा मिनिटांची पंधरा करायचीय, किंवा मुळात शिकायचंय, तर लॅपटॉपची वाट बघत बसू नये.

भाचीने उन्हाळ्यात ईएसपी३२ वर स्लॅबवरच्या टाकीची पातळी दाखवणारं सर्किट केलं. प्लास्टिकच्या डब्यात घालून वर बसवलं आणि खाली ओट्यावर बसून ओटीएने दोनदा प्रोग्रॅम बदलला. तिसऱ्यांदा फोन आला, "मामा, ते फाइल टाकायचं पानच उघडत नाही."

मी विचारलं, "गेल्या वेळी जो प्रोग्रॅम टाकलास, त्यात ओटीएचा भाग ठेवला होतास?"

बराच वेळ शांतता. मग तिच्या आईचा आवाज ऐकू आला, "शिडी कशाला काढतीस गं आता उन्हाची?"